झाडावरचा बंगला आणि शेतातला माळा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दवाखान्यातली सकाळची गर्दी ओसरली होती. तेवढ्यात एक ओळखीचे गृहस्थ आत आले. मूळचे पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीचे, पण तीस वर्षे मुंबईत व्यवसाय. गणपतीला आणि मे महिन्यात न चुकता गावी येणारे. त्यांच्या आईंचे रक्तदाबाचे औषध माझ्याकडे चालू आहे. मला वाटले, गोळ्यांची चिठ्ठी हवी असेल. पण त्यांनी टेबलावर कागदाची एक भली मोठी सुरळी उलगडली.

"डॉक्टर, घरामागच्या आंब्यावर घर बांधतोय. मुलांची हौस आहे. सगळ्या कुटुंबाने सुट्टीत एकत्र राहायचे, असे ठरवलेय. आर्किटेक्टने नकाशा दिलाय. तुम्ही फक्त आरोग्याच्या दृष्टीने एक नजर टाका."

आजवर लोकांनी मला एक्स-रे दाखवले, जन्मपत्रिका दाखवल्या, एकाने तर बैलाचा पायही दाखवला. घराचा नकाशा दाखवणारे हे पहिलेच. नकाशा देखणा होता. जमिनीपासून १८ फूट उंचीवर दोन खोल्या, तिन्ही बाजूंना काचेच्या खिडक्या, वातानुकूलन यंत्र, संडास-न्हाणीघर, पुढे सज्जा. सज्ज्याला लाकडी कठडा नको, रानातले वाटले पाहिजे, म्हणून जाड दोरखंड गुंफलेला. आणि वर जायला एक उभी लोखंडी शिडी.

मी एवढेच विचारले, "आई कशा चढणार?"

ते नकाशाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे कुणी विचारलेच नाही."

त्यांना मी तेव्हा जे सांगितले, तेच आज वाचकांसाठी सविस्तर लिहीत आहे. झाडावरचे घर बांधणारे आपल्या भागात चार-दोनच निघतील, मग सर्वांनी हे का वाचावे, असे कुणी म्हणेल. त्याचे कारण लेखाच्या ओघात येईलच.

ही हौस नवी नाही

झाडावर बसण्याची जागा करणे आपल्याला नवे नाही. भात पोटरीत आले, की रानडुकरे शेतात उतरतात. मग बांधावरच्या झाडाच्या बेचक्यात नाहीतर चार मेढी रोवून त्यांवर राखणीचा माळा बांधायचा, वर पेंढ्याचे छप्पर घालायचे आणि हातात डबडे किंवा गोफण घेऊन रात्र काढायची. महाड-पोलादपूरच्या डोंगरकुशीतल्या वाड्यांमध्ये अनेक घरांनी हे केले आहे. शिकाऱ्यांचे मचाण म्हणजे त्याचेच दुसरे रूप.

चैनीसाठी झाडावर राहण्याचे प्रसिद्ध उदाहरण केनियातले. तिथे १९३२ साली एका प्रचंड झाडावर 'ट्रीटॉप्स' हे विश्रामगृह उभे राहिले. फेब्रुवारी १९५२ मध्ये इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ तिथे मुक्कामाला होती. त्याच रात्री तिच्या वडिलांचे निधन झाले. वर चढली ती राजकन्या म्हणून आणि खाली उतरली ती राणी म्हणून, असे त्या प्रसंगाचे वर्णन करतात. नरभक्षक वाघांच्या शिकारीमुळे आपल्याला माहीत असलेले जिम कॉर्बेट त्या रात्री तिथे होते. पुढे १९५४ साली ते विश्रामगृह जळाले.

न्यू गिनी बेटावरचे कोरोवाई लोकही झाडावर घरे बांधतात. त्यांची आकाशाला भिडणारी घरे अनेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिली असतील. त्यांतले एक अतिशय उंच घर खास चित्रीकरणासाठी बांधवून घेतले होते, ते रोजच्या वापरातले नव्हते, हे बीबीसीने २०१८ साली मान्य केले. राहणारा माणूस गरजेपुतीच उंची घेतो. जास्तीची उंची पाहणाऱ्यासाठी असते.

मुलांनी झाडावर चढावे का?

अवश्य चढावे. डॉक्टर म्हणून माझे मत स्पष्ट आहे. आमच्या पिढीत हात मोडलेला मुलगा दवाखान्यात आला, की तो बहुधा जांभळावरून किंवा आंब्यावरून पडलेला असे. आज तसे रुग्ण कमी दिसतात, पण त्याचा मला निखळ आनंद होत नाही. कारण त्याच वयाची मुले आता वाढलेले वजन, दुखणारी मान आणि थकलेले डोळे घेऊन येतात. हातात मोबाइल असतो आणि अंगणातल्या झाडाचे नाव विचारले तर आईकडे पाहतात.

झाडावर चढताना हाताची पकड, खांदे, पोट, मांड्या आणि पायाचे तळवे एकाच वेळी कामाला लागतात. तोल सांभाळावा लागतो. पुढचा पाय कुठे टाकायचा, ही फांदी आपले वजन पेलेल का, याचा विचार मुलाला स्वतः करावा लागतो. भीती कुठे बाळगायची आणि कुठे टाकायची, याचे शिक्षण दुसऱ्या कुठल्या शाळेत मिळत नाही. शिवाय आजी, नातवंडे, काका-काकू एका फळीवर बसून भेळ खात आहेत, या गोष्टीचे मोल कुठल्याही टॉनिकपेक्षा जास्त आहे.

म्हणून त्या गृहस्थांना मी बांधू नका म्हटले नाही. बांधा, पण निम्म्याहून खाली बांधा, असे म्हटले.

सर्वांत महाग चैन म्हणजे उंची

लोकांना वाटते की वातानुकूलन यंत्र आणि काचा महाग. माझ्या हिशेबाने झाडावरच्या घरात सर्वांत महाग पडते ती उंची. तिची किंमत शरीराला मोजावी लागते. अपघातग्रस्तांना कुठल्या रुग्णालयात न्यायचे, यासाठी अमेरिकेत २०२१ साली जी मार्गदर्शक तत्त्वे सुधारली गेली, त्यांत १० फुटांहून अधिक उंचीवरून पडणे ही धोक्याची खूण मानली आहे. वय कितीही असो, बाहेरून जखम दिसो वा न दिसो. डोके, मानेचे व पाठीचे मणके, प्लीहा, यकृत यांना इजा झालेली असू शकते आणि ती तासाभराने उघड होते.

आता आपली परिस्थिती पाहा. पोलादपूरहून महाड सुमारे १८ किलोमीटर. डोंगरातल्या वाडीहून आधी पोलादपूरला यायचे. मेंदूची किंवा मणक्याची शस्त्रक्रिया लागली, तर पनवेल किंवा मुंबई, म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त अंतर. मुंबईत १८ फुटांवरून पडणे आणि आपल्या वाडीत १८ फुटांवरून पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे रुग्णालय दूर, तिथे घराची जमीन जवळ हवी. सहा-सात फुटांवरूनही मुलांना झाडावर बसल्याचे सुख तेवढेच मिळते. मुलांना पानांत असल्याशी मतलब असतो. ती फूटपट्टी घेऊन बसत नाहीत.

हे बोलताना माझ्या डोळ्यांसमोर एक दुसरा माणूस होता. या गृहस्थांच्या शेजारच्याच वाडीतले एक आबा. वय साठीच्या पुढे. त्याच्या आदल्या ऑक्टोबरात गरव्या भाताच्या राखणीला ते माळ्यावर झोपत. माळा जेमतेम बारा फूट उंच. एका पहाटे घरी जायला म्हणून ते उतरू लागले. दवाने ओला झालेला बांबू, झोपेतले डोळे, हातात घोंगडी आणि विजेरी. पाय सटकला आणि ते बांधावर पाठीवर आपटले. दवाखान्यात आणले तेव्हा दोन्ही पायांना स्पर्श कळत नव्हता. मी विचारले, "आबा, पडलात कसे?" ते म्हणाले, "पडलो नाय डॉक्टर, मी उतरत व्हतो."

ते वाक्य मी विसरलेलो नाही. चढताना माणूस सावध असतो, त्याची नजर हातांवर असते. उतरताना पाय न दिसणाऱ्या जागी टाकावा लागतो आणि मन आधीच जमिनीवर पोचलेले असते. आंबे उतरवणारे, नारळ पाडणारे, कौले शाकारणारे, असे माझ्याकडे आलेले कितीतरी जण काम आटोपून खाली येताना पडलेले होते.

म्हणून झाडावर घर बांधणाऱ्याने पहिला खर्च उतरण्याच्या वाटेवर करावा. उभी शिडी नको. रुंद पायऱ्यांचा, दोन्ही बाजूंना हाताशी धरायला कठडा असलेला जिना हवा. आजीने एक हात कठड्यावर आणि एक नातवाच्या खांद्यावर ठेवून चढले पाहिजे. उतारवयात, विशेषतः स्त्रियांची, हाडे ठिसूळ झालेली असतात. खुब्याचे हाड मोडले की माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. जिन्यावर रात्री दिवा हवा आणि पावसाळ्यानंतर शेवाळ खरवडून काढायला हवे.

सज्ज्याचा कठडा किमान साडेतीन फूट उंच असावा. त्याच्या पट्ट्या उभ्या लावाव्यात, कारण आडव्या पट्ट्या म्हणजे मुलांना शिडीच. दोन पट्ट्यांमधून चार इंचांपेक्षा जास्त फट नको, कारण मुलाचे अंग निघते आणि डोके अडकते. दोरखंडाचा कठडा चित्रात शोभतो, पण त्यावर रेलले की तो रेलणाऱ्याबरोबरच बाहेर जातो. आणि ज्या रात्री कुणी मद्य घेतले असेल, त्या रात्री त्याने जमिनीवरच झोपावे. राखणीला थंडी वाजते म्हणून थोडी घेऊन माळ्यावर चढणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे आहे.

आधी झाडाची तब्येत

माणसाची तपासणी करण्याआधी झाडाची करावी. आपल्या जुन्या आंब्यांना भिरूड लागते. खोडाच्या बुंध्याशी भुसा पडलेला दिसतो, खोडावर थाप मारली की पोकळ आवाज येतो. असे झाड वरून हिरवेगार असले तरी घर पेलणार नाही. जांभळाची फांदी कडकन मोडते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पांगारा आणि सावरीचे लाकूड मऊ असते. चिंच आणि निरोगी आंबा हे त्यातल्या त्यात भरवशाचे.

झाडाचे अन्न वाहून नेणारा थर सालीला लागूनच असतो. खोडाभोवती तार किंवा दोर आवळून बांधला, की झाड जाड होताना तो सालीत रुततो आणि झाडाचा गळा घोटतो. शंभर खिळ्यांपेक्षा चार जाड बोल्ट झाडाला कमी त्रास देतात. बुंध्याभोवती सिमेंटचा चौथरा घातला तर मुळे गुदमरतात. माझ्या मते सर्वांत उत्तम म्हणजे घराचे सगळे वजन जमिनीत रोवलेल्या स्वतंत्र खांबांवर घ्यावे आणि झाड मधून मोकळे जाऊ द्यावे. खोडाभोवती दोन-तीन बोटे जागा सोडावी. वाऱ्यात झाड हलते, घराने हलू नये. आपल्या पूर्वजांच्या चार मेढींच्या माळ्याला हे कळलेले होते.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा पिढ्यान्पिढ्या उभी असलेली झाडे मुळासकट उपटून पडलेली आपण पाहिली. तेव्हा आगोटीच्या कामांबरोबरच झाडावरचे घर बंद करावे आणि दसऱ्यानंतर तपासून उघडावे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा पावसात तिथे राहण्याचा हट्ट धरू नये.

डोंगराच्या उतारावर जागा निवडताना तर दहादा विचार करावा. २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी आल्या. बंगल्याच्या हौसेसाठी उतार खणून सपाटी करणे आणि डोंगराचे पाणी अडवणे, हे आपल्याबरोबर खालच्या वाडीलाही धोक्यात घालणे आहे.

विंचू, साप आणि माश्या

उंचावर विंचू येत नाही, हा गैरसमज आहे. आपल्या भागातला लाल विंचू सालीच्या फटीत, लाकडाच्या ढिगात, कौलांखाली आणि टाकून दिलेल्या कपड्यांत सापडतो. लहान मुलाला तो डसला तर केवळ वेदनेवर भागत नाही. ओकाऱ्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे आणि मग दम लागणे अशी लक्षणे दिसतात. हा विषाचा हृदयावर झालेला परिणाम असतो.

या विषयात महाडचे नाव जगात झाले आहे, हे नव्या पिढीला माहीत असावे. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी रात्री जागून ही लक्षणे टिपली. १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध या रुग्णांना दिले. पूर्वी गंभीर विंचूदंशाच्या शंभर रुग्णांतले चाळीसेक दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सांगायचे हे की औषध आपल्याच तालुक्यात सिद्ध झाले आहे. मंत्र, कांदा, चुना यांत वेळ न घालवता रुग्णाला दवाखान्यात आणणे एवढेच आपले काम आहे. झाडावरच्या घरात अंथरूण झटकूनच झोपावे, चपला आपटून घालाव्यात.

सापांचे म्हणाल तर मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. त्या दृष्टीने खाट किंवा माळा हा बचावच आहे, मात्र मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचलेली हवी. पण सह्याद्रीत हिरवा चापडा फांदीवरच बसलेला असतो आणि पानांत दिसत नाही. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी बनवलेले आहे, चापड्यासाठी नाही. त्याचा दंश सहसा जीवघेणा नसला तरी सूज आणि वेदना फार होतात. तेव्हा घरावर टेकलेल्या फांद्या छाटाव्यात आणि अंधारात हात घालू नये. खाजकुइलीचा वेल जवळपास असेल तर शेंगा वाळण्याआधी काढून टाकावा. आग्या मोहोळ असलेल्या झाडाचा विचारच करू नये आणि मोहोळ जाळून जागा करण्याचा तर मुळीच नको.

डास झाडाच्या ढोलीत आणि कापलेल्या बांबूच्या पेरात साठलेल्या पाण्यातही वाढतात. डेंग्यू पसरवणाऱ्या डासांपैकी एका जातीला ही जागा विशेष आवडते. बांबू पेराजवळ कापावा, म्हणजे पाणी साठायला जागा उरत नाही.

संडास झाडावर नको, एवढेच सांगतो. वर बांधलेल्या संडासाची नळी शेवटी खाली कुठेतरी सुटते आणि वाडीची विहीर बहुधा खालच्याच अंगाला असते.

वीज कडाडली की खाली

मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसात आपल्याकडे विजा पडतात. नेमका सुट्टीचा काळही तोच आणि भाताच्या राखणीचाही तोच. एकटे उंच झाड म्हणजे विजेला आमंत्रण. पहिला गडगडाट कानावर आला की झाडावरून उतरून पक्क्या घरात जावे. झाडाखाली थांबणेही तितकेच धोक्याचे आहे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबूनच परत यावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाची मोबाइलवरची सोय केली आहे, ती जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देते. एरवी मोबाइलला नावे ठेवतो, पण ही सोय प्रत्येक राखणदाराच्या खिशात असावी.

कुणी पडलेच तर

सर्वांत महत्त्वाचे आता सांगतो. आबांना त्यांच्या नातलगांनी घाबरून लगेच उठवून बसवले, घोंगडीच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणले आणि मग जीपमध्ये दोघांच्या मध्ये बसवून माझ्याकडे आणले. त्यांचा हेतू उत्तमच होता. मणका पडतानाच किती दुखावला आणि नंतर किती, हे कुणीच सांगू शकणार नाही, आणि मी ते त्या मुलांना कधी विचारलेही नाही. पण वाचकांनी हे लक्षात ठेवावे.

उंचावरून पडलेल्याला उठवू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. मान वळवू नका. डोके दोन्ही हातांनी जसे आहे तसे धरून ठेवा. श्वास चालू आहे का पाहा, रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने दाबून धरा. १०८ क्रमांकाला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. गाडी वाडीपर्यंत येत नसेल आणि उचलावेच लागले, तर झोळी नको, कारण झोळीत पाठ वाकते. दाराची फळी काढा किंवा लाकडी शिडी आडवी करून तिच्यावर गोधडी घाला. चार-पाच जणांनी डोके, पाठ, कंबर, पाय एका रेषेत ठेवून एकाच वेळी उचलावे आणि फळीवर ठेवून दोरीने बांधावे. पाच मिनिटे उशीर झाला तरी चालेल, पाठ वाकता कामा नये.

कठडा कुणासाठी?

आता हे सर्वांनी का वाचावे, ते सांगतो. त्या दिवशी टेबलावरच्या नकाशाकडे पाहताना माझ्या मनात आले, की एका झाडावरच्या घरासाठी आर्किटेक्ट आहे, सुतार आहे, डॉक्टरचा सल्ला आहे. वर्षातून पंधरा दिवस वापरायचे ते घर. आणि पलीकडच्या शेतात जो माळा आहे, ज्यावर माणूस महिनाभर रोज रात्री झोपतो, त्याला कधी कुणी नकाशा काढून दिला का? त्याला कठडा आहे का? शिडीची पायरी पक्की आहे का? बारा फुटांवरून पडल्यावर चैनीसाठी चढलेल्याचा मणका आणि पोटासाठी चढलेल्याचा मणका सारखाच मोडतो. फरक पडतो तो पुढे. एकाला मुंबईचे रुग्णालय असते, दुसऱ्याला ओटीवरचा कोपरा.

माळ्याला कंबरभर उंचीचा बांबूचा कठडा बांधायला एक सकाळ पुरते. शिडी उभी न ठेवता तिरपी टेकवून वर-खाली बांधून टाकायची, पायऱ्यांना काथ्या गुंडाळायचा, म्हणजे ओल्या पायाला पकड मिळते. उतरताना तोंड शिडीकडे करायचे आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचे. घोंगडी आधी खाली टाकायची, विजेरी गळ्यात अडकवायची. उजाडल्याशिवाय उतरायचे नाही. यात पैशांचा प्रश्न फारसा नाही. सवय नाही, एवढेच. ग्रामपंचायतींनी आणि तरुण मंडळांनी मनावर घेतले, तर भात पोटरीत येण्याआधी प्रत्येक वाडीतले माळे एका रविवारात पाहून होतील. गणपतीच्या आरासेला जी मुले रात्र-रात्र बांबू बांधतात, त्यांना हे काय अवघड आहे?

त्या गृहस्थांनी नकाशा बदलून घेतला. घर सात फुटांवर आले, खांब स्वतंत्र झाले, संडास गेला, यंत्र गेले, जिना आला. त्यांनी माझी फी विचारली तेव्हा मी म्हटले, "तुमचा सुतार नवरात्राच्या आधी दोन दिवस मला द्या." त्या दोन दिवसांत शेजारच्या वाडीतल्या तीन माळ्यांना कठडे आणि धड शिड्या लागल्या. पहिला माळा आबांच्या मुलाचा होता.

आबा आता चाकाच्या खुर्चीत असतात. मुलाने त्यांना सांगितले, की माळ्याला कठडा बसवलाय. ते म्हणाले, "कठडा बरा. पन शिडी बघ आधी."

दिवाळीत मला त्या आंब्यावर चहाला बोलावणे होते. आई वर बसल्या होत्या आणि खाली उभ्या असलेल्या सुनेला पोह्यांत मीठ कमी पडल्याचे सांगत होत्या. चहा झाल्यावर त्या उठल्या, कठड्याला हात लावला आणि एकेक पायरी बघत खाली आल्या. मी खाली उभा राहून पाहत होतो.

तीन माळे झाले. तालुक्यात किती आहेत, हे ज्याचे त्याने आपल्या शेतात जाऊन मोजावे.